वाचकाची हिशेबपट्टी

हिंगोलीच्या संत नामदेव बाजारांत उन्हाळ्याच्या तोंडीं हळदीचीं पोतीं उतरूं लागतात. शिजवून, वाळवून आणि पॉलिश करून आणलेला माल ढिगानें ओतला जातो. व्यापारी एखादें हळकुंड मोडून आंतला रंग पाहतात. आणि मग सर्वांच्या देखत बोली सुरू होते. शेतकरी ढिगापाशीं उभा असतो. कोणीं किती भाव पुकारला, कोणीं माघार घेतली आणि अखेरीस माल कोणाच्या नांवावर पडला, हें तो स्वतःच्या कानांनीं ऐकतो. सौदा पुरा झाल्यावर त्याच्या हातीं एक साधा कागद येतो. त्याला हिशेबपट्टी म्हणतात. वजन किती भरलें, दर काय लागला, हमाली आणि तोलाई किती झाली आणि पदरांत रक्कम किती पडावयाची, हें सारें त्यावर लिहिलेलें असतें. अडत कोणाकडून घ्यावयाची ह्याविषयींचे नियम काळानुसार बदलत आले आहेत. परंतु मधल्या अडत्यास मोबदला मिळतो ही गोष्ट त्या आवारांत कोणापासून लपलेली नाहीं, आणि ती कोणास लाजिरवाणीही वाटत नाहीं. तो त्याचा धंदाच आहे.

हा उघडेपणा आपोआप आलेला नाहीं. पूर्वीं ह्या देशांतल्या कित्येक बाजारांत सौदा रुमालाखालीं होत असे. दलाल आणि खरेदीदार कापडाखालीं एकमेकांचे हात धरीत आणि बोटें दाबून भाव ठरवीत. ज्याचा माल विकला जात होता तो शेतकरी समोरच उभा असे. पण कापडाखालीं काय ठरलें हें त्याला दलालाच्या तोंडूनच कळे. दलाल आपला माणूस आहे कीं खरेदीदाराचा, हें ओळखण्यास त्याच्याजवळ कांहींच साधन नसे. ही स्थिति पालटण्यास कायदे करावे लागले. वऱ्हाडांत कापूस आणि धान्य यांच्या बाजारांसाठीं १८९७ मध्यें कायदा झाला. १९२८ मध्यें शाही शेतकी आयोगानें नियंत्रित बाजारांची शिफारस केली. हिंगोली ज्या हैदराबाद संस्थानांत होती तेथें १९३० मध्यें शेतमालाच्या बाजारांचा कायदा आला. आणि महाराष्ट्र राज्याचा कायदा १९६३ चा आहे. ह्या कायद्यांनीं दलालाला हांकलून दिलें नाहीं. त्यांनीं रुमाल तेवढा बाजूस सारला.

आतां त्याच जिल्ह्यांतील एखाद्या सुशिक्षित घरांतील संध्याकाळ डोळ्यांपुढें आणावी. घरांत पाणी शुद्ध करण्याचें यंत्र घ्यावयाचें आहे. पूर्वीं असा प्रश्न पडला म्हणजे शेजारच्या जाणत्या काकांना विचारीत, नाहीं तर दुकानदाराला विचारीत. काकांना त्यांत कांहीं मिळावयाचें नसे, आणि दुकानदार विकण्यासाठींच बसला आहे हें सर्वांना ठाऊक असे. दोघांच्याही शब्दांचें वजन कसें करावें, हें लहान मुलालासुद्धां समजे. हल्लीं ह्या दोघांच्या आधीं मोबाईलला विचारतात, आणि 'घरासाठीं सर्वोत्तम दहा यंत्रें' अशा मथळ्याचा लेख समोर येतो. लेखाची भाषा काकांसारखी आपुलकीची असते. पण लिहिणारा काका आहे कीं दुकानदाराचा अडत्या, हें त्या भाषेवरून ओळखतां येत नाहीं. तें ओळखतां यावें म्हणून संकेतस्थळांनीं वाचकाला काय सांगितलें पाहिजे, कोठें सांगितलें पाहिजे आणि कोणत्या शब्दांत सांगितलें पाहिजे, ह्याचा विचार येथें करावयाचा आहे.

प्रथम हा व्यवहार चालतो कसा, तें पाहूं. लेखांत प्रत्येक यंत्राच्या नांवाखालीं 'येथें किंमत पाहा' असे शब्द असतात. ही लिंक म्हणजे एखाद्या दुकानाच्या पानाचा पत्ता. परंतु पुष्कळदां ह्या पत्त्याच्या शेपटाला कांहीं अक्षरें आणि अंक जोडलेले आढळतात. तें लेख प्रसिद्ध करणाऱ्याचें खुणेचें नांव होय. वाचकानें लिंकवर बोट ठेवलें कीं दुकानाच्या यंत्रणेला कळतें, हें गिऱ्हाईक अमक्याकडून आलें. त्याची एक बारीक नोंद वाचकाच्याच मोबाईलमध्यें ठेवली जाते. तिला कुकी म्हणतात. ठराविक मुदतींत खरेदी झाली, तर विक्रीच्या रकमेचा कांहीं हिस्सा दुकानाकडून लेख प्रसिद्ध करणाऱ्याला मिळतो. ह्या पद्धतीला ॲफिलिएट पद्धति म्हणतात, आणि तिच्या लिंकला मराठींत सरळ 'दलालीची लिंक' म्हणावयास हरकत नाहीं. ॲमेझॉन ह्या अमेरिकन दुकानानें आपली अशी योजना १९९६ मध्यें सुरू केली. २०१३ मध्यें तें दुकान भारतांत आलें. त्याच्या नियमांप्रमाणें ही मुदत सामान्यतः चोवीस तासांची असते. आपणांस ह्या योजनेंतून मिळकत होते असें लेखकानें स्पष्ट लिहिलें पाहिजे, अशीही त्याची अट आहे.

गिऱ्हाइकाला ह्या दलालीमुळें बहुधा एक पैसाही जास्त पडत नाहीं. ती दुकानाच्या उत्पन्नांतून दिली जाते. मग बिघडलें कोठें, असें कोणी विचारील. जें बिघडतें तें सल्ल्यांत बिघडतें. पाण्याच्या यंत्राचेंच उदाहरण पुढें चालवूं. भारतीय मानक ब्यूरोच्या मानकाप्रमाणें पिण्याच्या पाण्यांत विरघळलेल्या क्षारांचें प्रमाण दर लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असणें इष्ट मानलें आहे. क्षार त्याहून कमी असतील तर ते काढण्यासाठीं आर.ओ. पद्धतीच्या यंत्राची सामान्यतः जरुरी नसते. तें यंत्र बरेंच पाणी वायां घालवितें, म्हणून राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें २०१९ मध्यें, जेथें क्षारांचें प्रमाण ५०० मिलिग्रॅमहून कमी आहे तेथें ह्या यंत्रांच्या वापरास मनाई करण्याविषयीं सरकारला निर्देश दिले होते. तेव्हां ह्या विषयावरील प्रामाणिक लेखाचें पहिलें वाक्य 'आधीं पाणी तपासून घ्या' असें असावयास पाहिजे.

परंतु ह्या वाक्यावर दलाली मिळत नाहीं. 'पाणी उकळून प्या', 'जुनें यंत्र दुरुस्त करून घ्या', 'इतक्यांत घेऊं नका', ह्या सल्ल्यांवरही कोणी दमडी देत नाहीं. स्वस्त यंत्रावर दलाली थोडी आणि महाग यंत्रावर अधिक. जें दुकान दलाली देत नाहीं त्याच्या मालाचें नांव यादींत येण्याचें कारणच उरत नाहीं. लेखक लबाड आहे असें ह्यावरून ठरत नाहीं. त्यानें लिहिलेलें एकेक वाक्य खरें असूं शकेल. पण जें खरें असून ज्याला मोल नाहीं, तें हळूहळू लेखांतून गळून पडतें, आणि गळलेलें वाक्य वाचकाला दिसत नाहीं. मोबदल्याची कबुली दिलेली असली म्हणजे निदान त्याच्या मनांत हा प्रश्न उभा राहतो, कीं येथें काय सांगावयाचें राहून गेलें असेल? कबुलीचा मुख्य उपयोग हाच आहे.

मोबदल्याचा दुसरा प्रकार प्रायोजित मजकुराचा. दलालीच्या लिंकमध्यें पैसे विक्रीनंतर मिळतात. येथें ते मजकुरासाठींच ठरलेले असतात. कंपनी विषय सुचविते, कधीं मजकूरही पुरविते, आणि प्रसिद्धीपूर्वीं तो वाचून मंजूर करते. तिसरा प्रकार भेटीचा. वस्तु फुकट वापरावयास दिली जाते, प्रवासाचा किंवा हॉटेलांतील मुक्कामाचा खर्च दिला जातो, किंवा लेखक त्या कंपनीचा नोकर, भागीदार अथवा मालकाचा नातलग असतो. येथें रोख पैसे हातीं येत नाहींत. म्हणून 'आम्हीं एक पैसाही घेतलेला नाहीं' असें वाक्य लिहितां येतें, आणि तें अक्षरशः खरें असूनही वाचकाची दिशाभूल करतें.

शहरांतील घराला ह्यांत चुकलें तर चार पैशांचा फटका बसतो. शेतकऱ्याचें मात्र सबंध वर्ष जाऊं शकतें. हळदीचें पीक आठ-नऊ महिने जमिनींत असतें. पावसाळ्यांत कंदकूज दिसूं लागली कीं शेतकरी घाबरून उपाय शोधतो. मोबाईलवर एखादा तरुण, पाठीमागें हिरवेंगार शेत, हातांत बाटली, अमुक एक टॉनिक घातल्यानें आपलें शेत वांचलें असें सांगत असतो. तो स्वानुभव सांगत आहे कीं बाटलीच्या मालकाकडून ठरलेली रक्कम घेऊन बोलत आहे, हें त्या क्षणीं कळलें पाहिजे. कंद कुजून गेल्यावर कळून उपयोग नाहीं.

हा दोष मोबाईलनें आणला असें मात्र म्हणतां येणार नाहीं. पैसे घेऊन छापलेला मजकूर बातमीसारखा मांडण्याची युक्ति छापखान्याच्या काळापासून चालत आलेली आहे. अमेरिकेंत १९१२ मध्यें एक कायदा झाला. टपालाच्या सवलतीच्या दराचा लाभ घेणाऱ्या पत्रांनीं पैसे घेऊन छापलेल्या मजकुरावर 'जाहिरात' असा शब्द छापलाच पाहिजे, असें त्यानें ठरविलें. आणि पुढच्याच वर्षीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें तो कायदा वैध मानला. आपल्याकडेही वर्तमानपत्रांत जाहिरात निराळी ओळखूं यावी, असा भारतीय पत्रपरिषदेचा दंडक आहे. तो न पाळल्यानें काय होतें, ह्याचें मराठवाड्यांतलें उदाहरण फार जुनें नाहीं.

ऑक्टोबर २००९ मध्यें महाराष्ट्र विधानसभेची निवडणूक झाली. हिंगोलीला लागून असलेल्या नांदेड जिल्ह्यांतील भोकर मतदारसंघांतून तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण उभे होते. त्या दिवसांत त्यांच्या कारभाराची स्तुति करणारा पुष्कळ मजकूर मराठी वर्तमानपत्रांत बातमीच्या रूपानें आला. एकच लेख परस्परांशीं स्पर्धा करणाऱ्या पत्रांत शब्दशः छापला गेला होता, हें पत्रकार पी. साईनाथ ह्यांनीं त्याच वर्षीं 'द हिंदू' ह्या पत्रांत दाखवून दिलें. हा पैसे देऊन छापविलेला मजकूर असून त्याचा खर्च निवडणुकीच्या हिशेबांत दाखविलेला नाहीं, अशी तक्रार निवडणूक आयोगाकडे गेली. चव्हाण ह्यांनीं आरोप नाकारला. मे २०१४ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें अशी चौकशी करण्याचा आयोगाचा अधिकार मान्य केला. जुलै २०१४ मध्यें आयोगानें चव्हाण ह्यांचा खर्चाचा हिशेब सदोष ठरविला, आणि सप्टेंबर २०१४ मध्यें दिल्ली उच्च न्यायालयानें आयोगाचा तो आदेश रद्द केला. दरम्यान पत्रपरिषदेनें परंजय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी ह्या दोघांच्या उपसमितीकडून देशभरांतील अशा प्रकारांची चौकशी करविली होती. परिषदेनें २०१० मध्यें संक्षिप्त अहवाल तेवढा प्रसिद्ध केला. उपसमितीचा मूळ सविस्तर अहवाल केंद्रीय माहिती आयोगाच्या आदेशानंतर २०११ मध्यें लोकांपुढें आला.

न्यायालयांत काय टिकलें आणि काय टिकलें नाहीं, हा कायद्याचा भाग झाला. वाचकाचा प्रश्न निराळाच होता. सकाळीं चहाच्या वेळीं जो मजकूर त्यानें वाचला, ती बातमी होती कीं जाहिरात, हें त्याला त्या सकाळीं कळावयास हवें होतें. त्यासाठीं पांच वर्षांच्या चौकशीची जरूर पडूं नये. मजकुराच्या माथ्यावर स्पष्टपणें लिहिलेला एक शब्द तें काम करूं शकतो. आणि तो शब्द नसेल, तर पुढें आयोग व न्यायालयें मिळूनही वाचकाची ती सकाळ परत देऊं शकत नाहींत.

संकेतस्थळें आणि चित्रफिती ह्यांच्यासाठीं भारतांत ह्या शब्दाचे नियम गेल्या कांहीं वर्षांत तयार झाले आहेत. जाहिरातदारांनीं स्वतःच्या नियमनासाठीं १९८५ मध्यें स्थापन केलेली भारतीय जाहिरात मानक परिषद मुंबईंत आहे. तिनें मे २०२१ मध्यें ह्यासंबंधीं नियम प्रसिद्ध केले, आणि ते १४ जूनपासून अमलांत आले. पैसे, वस्तु, सवलत, प्रवास, नोकरी किंवा नातें, अशा कोणत्याही संबंधामुळें मजकूर लिहिला गेला असेल, तर त्यावर जाहिरातीचें लेबल लावलेंच पाहिजे असें त्यांत आहे. चित्रफितीसाठीं तर सेकंदांचें गणित घालून दिलें आहे. फीत १५ सेकंदांपर्यंतची असेल तर लेबल निदान ३ सेकंद दिसावें. दोन मिनिटांहून कमी असेल तर एक तृतीयांश वेळ दिसावें. आणि त्याहून मोठी असेल तर ज्या भागांत त्या मालाविषयीं बोललें जातें त्या सबंध भागांत दिसत राहावें.

परिषदेचे नियम हें व्यवसायानें स्वतःवर घातलेलें बंधन झालें. त्याला कायद्याचें पाठबळ ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९, ह्यामुळें आलें. त्याखालीं जुलै २०२० मध्यें केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण स्थापन झालें. प्राधिकरणानें ९ जून २०२२ रोजीं दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीं मार्गदर्शक नियम जाहीर केले, आणि जानेवारी २०२३ मध्यें ग्राहक-व्यवहार खात्यानें शिफारस करणाऱ्यांसाठीं सोप्या भाषेंत एक पुस्तिका काढली. फसव्या जाहिरातीबद्दल पहिल्या वेळीं १० लाख रुपयांपर्यंत आणि पुढच्या वेळीं ५० लाख रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो. शिफारस करणाऱ्यावर एक वर्षापर्यंत, आणि पुन्हां चूक केल्यास तीन वर्षांपर्यंत, कोणत्याही मालाची शिफारस करण्यास बंदी घालतां येते. ३० नोव्हेंबर २०२३ रोजीं ग्राहकाला फसविणाऱ्या तेरा युक्त्यांची यादी प्रसिद्ध झाली. तींत वेषांतर केलेली जाहिरात ही एक आहे. त्याआधीं, नोव्हेंबर २०२२ मध्यें, भारतीय मानक ब्यूरोनें ग्राहकांच्या अभिप्रायांसाठीं आयएस १९००० हें मानक काढलें, कारण खोटे अभिप्राय हाही ह्याच व्यवहाराचा एक भाऊबंद आहे.

मराठी वाचकाच्या दृष्टीनें ह्या सर्व नियमांत महत्त्वाचा नियम भाषेचा आहे. ज्या भाषेंत शिफारस, त्याच भाषेंत कबुली असली पाहिजे. प्रत्यक्षांत पुष्कळदां असें दिसतें, कीं लेख ओघवत्या मराठींत असतो. आजीबाईंना समजेल अशा शब्दांत मालाचे गुण वर्णिलेले असतात. आणि पानाच्या अगदीं तळाशीं, फिकट रंगांत, इंग्रजींत दोन ओळी असतात. ज्यानें मराठींत वाचावयाचें ठरविलें तोच वाचक त्या दोन ओळींस मुकतो. गुण सांगण्यास मराठी सुचते आणि मोबदला सांगण्यास सुचत नाहीं, ही भाषेची उणीव मानतां यावयाची नाहीं. अडत, दलाली, वर्तणूक, जाहिरात, मोबदला, भेट, असे व्यवहारांतले शब्द मराठींत घरोघर रुळलेले आहेत.

दुसरी गोष्ट जागेची. कबुली लिंकच्या आधीं आली पाहिजे, कारण निर्णय लिंकवर बोट ठेवतांना होतो. 'आमच्याविषयीं' अशा निराळ्या पानावर, किंवा वीस खुणांच्या घोळक्यांत एकविसावी म्हणून लपविलेली कबुली दिली काय आणि न दिली काय, सारखेंच. अमेरिकेच्या व्यापार आयोगाचे शिफारशींसंबंधीं नियम १९८० पासून आहेत आणि २००९ व २०२३ मध्यें ते सुधारले गेले. त्यांचाही रोख हाच आहे, कीं सामान्य वाचकाच्या नजरेस जें सहज पडत नाहीं तें सांगितलें असें धरतां येत नाहीं.

तिसरी गोष्ट शब्दांची. 'ह्या लेखांतील लिंकवरून खरेदी झाल्यास आम्हांस दुकानाकडून दलाली मिळते' हें वाक्य दहा वर्षांच्या मुलाला समजेल. 'हें यंत्र कंपनीनें आम्हांस फुकट दिलें आहे' हेंही समजेल. 'हा मजकूर अमुक कंपनीनें पैसे देऊन प्रसिद्ध करविला आहे' ह्यांत तर कांहींच गूढ नाहीं. उलट 'आमच्या कार्यास आपल्या खरेदीचा हातभार लागतो', 'विशेष सहकार्यानें', 'आमच्या मित्रपरिवाराकडून', हे शब्द कानाला गोड लागतात, पण त्यांतून पैशाची गोष्ट बाहेर येत नाहीं. सांगावयाचें तर आहे, पण कळूं द्यावयाचें नाहीं, अशा वृत्तींतून अशी भाषा जन्मते.

ह्यांत एक विचित्र गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. गूगलच्या शोधयंत्रानें २०१९ मध्यें अशी व्यवस्था केली, कीं पैशाच्या संबंधानें दिलेल्या लिंकला पानाच्या आंतल्या सांकेतिक लिपींत 'स्पॉन्सर्ड' अशी खूण करावी. ही खूण वाचकाला दिसत नाहीं. ती यंत्रासाठीं असते. ही खूण करून वाचकाला मात्र कांहींच न सांगणारें संकेतस्थळ यंत्राशीं प्रामाणिक राहतें. ज्याच्या खिशांतून पैसे जावयाचे त्यालाच तेवढें अंधारांत ठेवलें जातें. रुमाल पुन्हां पसरला जातो तो असा.

ह्यावर दोन आक्षेप येतात, आणि दोन्ही विचार करण्याजोगे आहेत. पहिला असा, कीं वाचक वर्गणी देत नाहीं, लेख फुकट वाचतो. मग लिहिणाऱ्यानें पोट कसें भरावें? हा आक्षेप खरा आहे, आणि त्याचें उत्तर हिंगोलीच्या बाजारांत आहे. अडत घेऊन अडत्याचें पोट भरतें आणि त्याची पतही राहते, कारण अडत उघड आहे. लिहिणाऱ्यानेंही दलाली घ्यावी. फक्त ती सांगून घ्यावी. मराठींत आज पाककृति, शेती, प्रवास आणि घरगुती वस्तु ह्यांवर मेहनतीनें लिहिणारीं व बोलणारीं पुष्कळ माणसें आहेत. त्यांच्या उत्पन्नाला नांवें ठेवण्याचें कांहीं कारण नाहीं. कबुली देणारा लेखक पहिल्या दिवशीं दोन गिऱ्हाइकें गमावील. पण त्याच्याकडे पुन्हां येणारा वाचक डोळे उघडे ठेवून येईल, आणि तसा वाचक टिकतो.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. कबुली दिली म्हणजे सल्ला खरा ठरला काय? नाहीं. हिशेबपट्टी हातीं असली तरी शेतकरी कांट्याकडे पाहावयाचें सोडीत नाहीं. किंबहुना 'आम्हीं सांगितलें आहे, आतां जबाबदारी तुमची' अशी कबुलीची ढाल करून वाटेल तें विकणारेही निघतात. कायद्यानेंही ह्याला थारा दिलेला नाहीं. जाहिरात म्हणून सांगितलेली खोटी गोष्ट ही खोटीच राहते, आणि जी वस्तु स्वतः वापरून किंवा तपासून पाहिली नाहीं तिची शिफारस करूं नये, असेंच ग्राहक-व्यवहार खात्याचें सांगणें आहे. कबुलीनें वाचकाचें काम संपत नाहीं. तें कोठून सुरू करावयाचें, एवढें ती दाखविते.

हें काम घरांत बसून करतां येण्यासारखें आहे. कोणताही शिफारशीचा लेख वाचतांना प्रथम माथा पाहावा आणि मग तळ पाहावा. लिंकवर बोट दाबून धरलें तर बहुतेक मोबाईलवर तिचा सबंध पत्ता दिसतो. त्याच्या शेपटाला ओळखीची खूण जोडलेली आहे काय, हें पाहावें. लेखकानें वस्तु स्वतः वापरल्याचा कांहीं पुरावा, एखादा दोष, एखादी तक्रार लेखांत आहे काय, हें शोधावें. दहाही वस्तु उत्तम असतील तर कोणतीच तपासलेली नसण्याचा संभव अधिक. 'घेऊं नका' असा सल्ला त्या संकेतस्थळानें कधीं दिला आहे काय, हें विचारावें. आणि शेवटीं, दलाली देणारी लिंक बाजूस ठेवून तोच प्रश्न ज्याला त्यांत कांहीं मिळावयाचें नाहीं अशा एका माणसाला विचारावा. पाण्याच्या यंत्रासाठीं तो माणूस पाणी तपासणारा असेल. हळदीच्या कंदकुजीसाठीं कृषि विद्यापीठाचा किंवा कृषि विज्ञान केंद्राचा तज्ज्ञ असेल. फसवणूक झालीच, तर १९१५ ह्या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक साहाय्यसेवेकडे तक्रार नोंदवितां येते.

घरांतील वडील मंडळींनीं हें मुलांनाही दाखवून द्यावें. मुलें खेळणीं उघडून दाखविणाऱ्या चित्रफिती पाहतात आणि समोरचा आपला मित्र आहे असें समजतात. 'ह्याला हें खेळणें कोणीं दिलें असेल?' एवढा एकच प्रश्न त्यांच्यापुढें टाकला, तर कायद्याचीं कलमें न सांगतांही तीं विचार करूं लागतात.

शेतकऱ्याला हिशेबपट्टी मिळूं लागली ती त्यानें दलालावर राग धरला म्हणून मिळाली नाहीं. भाव उघड सांगा, कपात उघड लिहा, असा आग्रह धरला गेला, पुढें त्याचा कायदा झाला, आणि कायदा पाळला जातो कीं नाहीं हें पाहावयास शेतकरी ढिगापाशीं उभा राहिला. वाचकांसाठीं कायदा झाला आहे. आतां हळद विकून घरीं आलेल्या माणसानें मोबाईल उघडतांनाही तसेंच ढिगापाशीं उभें राहावें, आणि सल्ला देणाऱ्याला विचारावें: 'अहो, तुमची पट्टी कोठें आहे?'